पाखराचं तास

दिवाळी उतरली. अंगणातल्या पणत्या धुऊन फळीवर गेल्या, आणि परवा सकाळी शाळेत जाताना मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, एकदम थांबले. नाकात वास शिरला होता. कोवळ्या जवारीचा. दूध भरत आलेल्या कणसाचा वास थोडा गोड असतो, थोडा हिरवा, आणि वर दव पडलेलं असलं की वावर दिसायच्या आधी तोच येऊन भेटतो. पुस्तकात हिला ज्वारी म्हणतात. मी मास्तरीण, फळ्यावर मीही ज्वारीच लिहिते. पण वास आला की तोंडातून निघतं ते जवारीच. मी तिथंच उभी राहून एकटीच हसत होते. मागून नामदेवभाऊ येत होते. ते म्हणाले, "काय मंदाताई, मांगच्या सालचं आठवलं का?"

आठवलं म्हणजे काय! मागच्या साली ह्याच दिवसांत, ह्याच वावरात, मी गावाचं बियाणं खाल्लं होतं. जवसाच्या चटणीसोबत. आणि वर आग्रह करकरून पाहुण्यांनाही वाढलं होतं.

आमचं गाव बाभुळगाव तालुक्यातलं. इकडं वावर म्हटलं की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि सोयाबीन, अन् मधल्या तासांना तूर. तास म्हणजे पिकाची ओळ. शाळेतला तो तास घंटा झाली की संपतो, वावरातलं ते तास धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत चालतच राहतं. माझ्या लहानपणी जवारी इतकी असायची की त्यात शिरलेला माणूस दिसत नसे, नुसती पानं हलायची. आम्ही बहिणी त्यात लपायचो आणि आई धुऱ्यावरून आमच्या नावानं ओरडायची. मग सोयाबीन आलं आणि एकेकानं जवारी सोडली. भांडण नाही, तंटा नाही. एका साली ह्यानं नाही पेरली, दुसऱ्या साली त्यानं नाही. उरलेल्या एकट्यादुकट्याच्या वावरावर पंचक्रोशीतली सगळी पाखरं उतरायची आणि कणसाची नुसती काडी ठेवायची. तो बिचारा कपाळाला हात लावून म्हणायचा, आता मी एकट्यानं कायले पेरू? झालं. जवारी गावातून अशी गेली की गेलेली कळलीसुद्धा नाही. कळलं ते बैलांना, कारण कडबा संपला. आणि चिमण्यांना. त्यांना कोणी विचारलंच नाही.

एकीनं तेवढी सोडली नव्हती. पार्बतामाय. वय विचारलं की म्हणते, "तूच लाव ना हिशोब, मास्तरीन तू हायेस." बुटकी, काटक, आणि बोलण्यात अशी की समोरच्यानं आधी दोन पावलं मागं सरकावं. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं पदरात जवारी बांधून दिली होती. दाणा टपोरा, पांढराशुभ्र, आणि हुरड्याला असा मऊ की दात नसलेल्यानंही खावा. ह्या जवारीला ती मायची जवारी म्हणते. वावरात पेरणं बंद झाल्यावर ती दरसाली घरामागच्या परसात, सांडपाण्याच्या कडेला चार-सहा धाटं लावायची. कणसं आली की प्रत्येकाला जुन्या लुगड्याची पिशवी शिवून घालायची, पाखरांनी खाऊ नये म्हणून. आम्ही येता-जाता हसायचो. "माय, जवारीले झबलं शिवलं का व?" ती म्हणायची, "हसा हसा. माह्या मायनं देल्लं ते माह्या हातानं मरू देऊ का?" झालेलं बी राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवायची. इतकी सालं. एकटीनं.

मागच्या साली पेरणीच्या आधी तिनं नऊ घरांना जेवायला बोलावलं. भाकर, झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा. भाकर तिच्याच जवारीची, सालोसालची साठवून ठेवलेली. सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं आणि ढेकर दिल्यावर ती म्हणाली, "खाल्लं ना? आता ऐका. एकट्याची जवारी पाखरं खातेत. नऊ जनाची खाऊन खाऊन कितीक खातीन? नदीकडची पट्टी लागून लागून हाय आपल्या नऊ जनाची. एका दिवशी पेरू, पाळीपाळीनं राखू." खाल्लेल्या भाकरीला जागावं लागणार हे ध्यानात येऊन नामदेवभाऊ म्हणाले, "बुढीनं फसवलं राजेहो!" आणि सगळ्यांत आधी त्यांनीच हो म्हटलं.

मायचं बी थोडं होतं. पट्टीच्या मधोमध काही तासं तेवढी तिची, आणि आजूबाजूला बाजारातून आणलेली जवारी. ती सगळी पावसाळाभर कशी वाढली ते मी शाळेच्या खिडकीतून पाहत होते. पोळा झाला तेव्हा डोक्याच्या वर. नवरात्रात निसवली, कणसं बाहेर पडली. मग सुरू झाली राखण. मधोमध मचान बांधलं, नऊ घरांच्या पाळ्या लागल्या. डबे वाजले, गोफणी फिरल्या. नामदेवभाऊंची हाळी तर आमच्या सातवीच्या वर्गात ऐकू यायची. "हाऽऽऽ हुर्रऽऽऽ!" मी बीज आणि अंकुरण शिकवत असायचे आणि पोरं खिडकीकडं बघत खुसखुसायची.

फक्त एका तासावर कोणी गोफण मारायची नाही. नदीच्या बाजूचं पहिलं तास पार्बतामायनं पाखरांना सोडलं होतं. पाखराचं तास. आणि तेही मायच्या जवारीचं! नामदेवभाऊ कळवळले. "अव माय, इतलंसं बी, अन् त्यातलं अख्खं तास पाखराले? त्याहिले बाजारची चालत नाही का?" ती म्हणाली, "पाव्हन्याले बाजारचं खाऊ घालतेस का तू?" विषय मिटला. तिनं ते तास गावात घरोघरी सांगितलं. तान्ह्या पोराच्या आईलासुद्धा. तिथलं एक कणीस कोणी मोडलं नाही.

आता ह्या तासाची गोष्ट तिनं घरोघरी सांगितली आणि चिंध्यांची नाही सांगितली, हे सगळ्या घोटाळ्याचं मूळ. पण तिची तरी काय चूक! आपल्याला जे जन्मापासून ठाऊक असतं ते दुसऱ्याला सांगावं लागतं, हे माणसाच्या ध्यानातच येत नाही.

दिवाळीनंतर गावातल्या बायकांच्या गटानं ठरवलं, सत्कार करायचा. सत्कार आमच्याकडं नवा नाही. निवडून आलेल्याचा होतो, बदलून आलेल्याचा होतो, बदलून गेला तर त्याहून जोरात होतो. शाली इतक्या फिरतात की माझ्या काकांना पांघरलेली शाल मी पुढच्या साली दुसऱ्याच्या खांद्यावर ओळखली आहे. पण ह्या खेपेला गटातल्या बायका म्हणाल्या, ज्यांनी गाव धरून ठेवलं त्यांचा करू. नाल्यातला गाळ उन्हाळाभर उपसून वावरात टाकणाऱ्या सासवा-सुना. पोडावरचे, म्हणजे टेकडीजवळच्या वस्तीतले, भीमादादा, ज्यांनी उघड्या टेकडीवर मोहाची झाडं लावली आणि आपल्या पोरांसारखी पाणी घालून जगवली. जवारीची नऊ घरं. आणि पार्बतामाय. तालुक्याचे साहेब पाहुणे म्हणून येणार. सत्कार वावरातच, मांडव नको, आणि हार-गुच्छ नको. मग काय? हुरडा! टाळ्या पडल्या. सूत्रसंचालन अर्थातच मी, कारण माईक नसला तरी माझा आवाज पोहोचतो.

पार्बतामाय म्हणाली, "मधल्या तासाचा हुरडा द्या. मायच्या जवारीसारखा दुसरा नाही." मी विचारलं, "सगळा?" ती म्हणाली, "हौ, बियाचं सोडून सगळा." आणि मी मान डोलावली. बियाचं म्हणजे तिच्या घरी मडक्यात असेल ते, असं समजून. मडकं पेरणीलाच रिकामं झालं होतं आणि त्या साली परसातही काही नव्हतं, हे मला कुठं माहीत.

सत्काराच्या सकाळी आम्ही बायका कणसं तोडायला गेलो. धाटं दवानं चिंब. आणि काय सांगू, मधल्या तासांत सगळ्यांत देखणी, डेरेदार कणसं ज्या धाटांना होती, त्या प्रत्येकाच्या गळ्याशी एकेक लाल चिंधी बांधलेली! वाटलं, पाहा ही म्हातारी, पाहुण्यांसाठी कणसंसुद्धा निवडून खूण करून ठेवली. समारंभात पुढच्या खुर्च्यांवर आपण नाही का टॉवेल टाकून ठेवत? तसं. मी बायकांना ओरडून सांगितलं, "लाल चिंधीवाली आधी घ्या गं! ती खास आहेत." आणि स्वतःच्या हातानं कडकड मोडली. एकही सोडलं नाही. एवढ्या काळजीनं मी घरचं कुठलं काम केल्याचं मला आठवत नाही. मग चिंधी नसलेलीही तोडली. दुपारपर्यंत मधली तासं नुसती धाटं होऊन उभी राहिली.

कार्यक्रम मात्र असा रंगला की विचारू नका. गोवऱ्यांची आगटी, त्यात खुपसलेली कणसं, तडतड आवाज, गरम कणीस हातावर चोळताना "हुश्श, हुश्श" करणाऱ्या बाया, सुपात पडणारा हिरवा वाफाळता हुरडा. शेजारी जवसाची चटणी, गूळ, दही. साहेबांनी भाषण आवरतं घेतलं, कारण सूप त्यांच्या समोरच ठेवलं होतं. भीमादादा शाल घेऊन इतके लाजले की शालीत तोंडच लपवलं. आणि पार्बतामाय! लाल शाल, जरीची किनार. खांद्यावर पडली तशी म्हणाली, "बाप्पा! ह्या उन्हात हे कायले? थंडी त वाजू द्या." वावर हसून हसून लोटपोट झालं. मी माझ्या खास आवाजात म्हटलं, "सत्कारमूर्तींना आपण त्यांच्याच जवारीचा पहिला घास भरवू या!" आणि भरवला. तिनं डोळे मिटून खाल्ला. म्हणाली, "माह्या मायच्या हातचाच."

मग ती आगटीजवळ बसली. काडीनं राख उकरता उकरता तिचा हात थांबला. राखेत अर्धी जळालेली लाल चिंधी होती.

तिनं ती उचलली, फुंकर मारली, बोटांत फिरवून पाहिली. "मंदे," ती म्हणाली, "हे चिंधीवाले कनसं कोनं तोडले?"

"म्याच!" मी. केवढ्या अभिमानानं! आनंद झाला की माझी शाळेतली भाषा गळून पडते. "पाव्हण्यासाठी एकदम निवडून निवडून."

"निवडले त मी होते व." ती शांतपणे म्हणाली. "बियाचे होते ते."

माझ्या हातातला हुरडा हातातच राहिला. सातवीला बीज शिकवणारी बाई मी! खताच्या दुकानातून पिशवी आणायची, कात्रीनं कोपरा कापायचा, एवढंच बियाणं मी जन्मात पाहिलेलं. उभ्या पिकात फिरून सगळ्यांत चांगलं धाट निवडायचं, त्याला चिंधी बांधायची, आणि ते कणीस पार वाळेपर्यंत जीव गेला तरी मोडायचं नाही, ही खूण माझ्या आजीला ठाऊक असणार. आईलाही असेल. मला नव्हती. तिथं बसलेल्या कोणालाच नव्हती. आम्ही लाल चिंधी पाहिली आणि आम्हाला आठवला तो मानपान.

मी रडायलाच लागले. खोटं कशाला बोलू? साहेब गोंधळले, त्यांना वाटलं मला चटका बसला. पार्बतामायनं चिंधी कमरेला खोचली आणि म्हणाली, "रडू नको. पोट भरून खाल्लं ना? मंग चांगलं वाढलं तू." पण तिचा स्वर मी ओळखत होते. तिच्या आईनं पदरात बांधून दिलेलं, झबली शिवून जगवलेलं ते सगळं त्या दिवशी दुपारी संपलं होतं, आणि ते मी संपवलं होतं.

"संपलं नाही," नामदेवभाऊ एकदम उठून उभे राहिले. "पाखराचं तास हाय नं!"

सगळे नदीच्या बाजूला धावलो. शाली सांभाळत, सूप हातात घेऊन. तास उभं होतं. कणसं कुठं अर्धी, कुठं पाव, काही नुसत्या काड्या. पण दाणा होता. हिरवा, कोवळा. पिकून बी व्हायला अजून बरेच दिवस लागणार होते. आणि त्यावर पन्नासेक चिमण्या निवांत झोके घेत होत्या. नामदेवभाऊंनी कमरेची गोफण सोडली. "आता एकही पाखरू बसू देत नाही, माय. मी हाय नं."

"नाही," पार्बतामाय म्हणाली. "त्या तासावर गोफन नाही चालाची."

"अव, बी पाह्यजे का नाही तुले?"

"पाह्यजे. पन देल्लेलं वापस हिसकाचं नाही. मागाचं."

"कोनाले मागाचं? पाखराले?"

"हौ. त्याहिले दुसरं ताट वाढ, अन् मंग माग."

नामदेवभाऊंनी तिच्याकडं पाहिलं, माझ्या रडक्या तोंडाकडं पाहिलं, आणि मग स्वतःच्या पट्टीकडं. त्यांची बाजारची जवारी तिथंच लागून उभी होती. सालभराची भाकर. इतके दिवस घसा फोडून राखलेली. त्यांनी गोफण गुंडाळली, खिशात घातली आणि म्हणाले, "ठीक हाय. मी खाईन गहू."

दुसऱ्या दिवसापासून गावानं जे पाहिलं ते पुन्हा बघायला मिळायचं नाही. जो माणूस पाखरांवर ओरडून ओरडून बसल्या आवाजाचा झाला होता, तो आपल्याच वावरात उभा राहून त्यांना बोलवत होता. "या व बायांनो, या! लाजू नका! ते मिठ्ठू कुठी गेले? त्याहिलेही सांगा!" कणसं वाकवून वाकवून दाखवायचे. बाकीच्या घरांनीही धुऱ्याकडची दोन-दोन तासं उघडी टाकली. भीमादादांनी कणसांच्या जुड्या बांधून नदीकाठच्या बाभळींना टांगल्या. मी रोज सकाळी शाळेआधी जायचे आणि पाखराच्या तासासमोर हात जोडून उभी राहायचे. हसू नका. काय बोलायचं ते सुचत नसे, म्हणून नुसती म्हणायची, "थोडं ठेवा हो." त्या दिवसांत थंडी पडू लागली होती. ओठ फुटायचे, गवतानं साडी गुडघ्यापर्यंत भिजायची, नदीवरून धुकं यायचं आणि त्या धुक्यात पाखरांचा नुसता कलकलाट. एवढी पाखरं मी आमच्या गावात कधी पाहिली नव्हती. कुठून कुठून आली होती कोण जाणे. मला रडू यायला हवं होतं, आणि मी दिवसेंदिवस खुशीत येत गेले. शाळेत उशिरा पोहोचायचे. पोरांनीच फळ्यावर लिहून ठेवलं होतं, पहिला तास: पाखरांचा.

पाखरं ताटावरून ताटावर गेली. सगळी नाही. काही म्हाताऱ्या चिमण्या जुनी जागा सोडेनात. पण मार्गशीर्षात पार्बतामायनं त्या तासाची कणसं खुडली, झोडली, पाखडली, आणि बी भरलं ते एक तांब्या. तांब्या पुरता काठापर्यंतही नाही. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि नदीकडं तोंड करून म्हणाली, "पोटभर जगा व." बस्स. मग राख आणायला घरात गेली.

तो तांब्या ह्या साली पट्टीच्या मधोमध पेरला गेला. जवारीची घरं वाढली आहेत. ज्यांनी हुरडा खाल्ला होता त्यांनीच मागं लागून पट्ट्या जोडल्या. पाखराची तासं आता दोन आहेत, आणि पहिलं नामदेवभाऊंनी आपल्या वावरात धरलंय. राखणीचा आवाजही त्यांचाच. फक्त हाळी दिल्यावर ते हळूच म्हणतात, "तिकडं जा ना, तिकडं वाढलं हाय." साहेबांची बदली झाली. जाताना म्हणाले, तुमच्या गावासारखा सत्कार पाहिला नाही. त्यांना अर्धी गोष्टच माहीत आहे.

आणि परवा, वास घेऊन मी धुऱ्यावर हसत उभी होते तेव्हा पट्टीच्या मधून पार्बतामायनं हाक मारली. "मंदे, इकडं ये. शाळा पळून नाही चालली."

गेले. ती धाटांमध्ये उभी होती. दाणे भरत आले होते. तिच्या ओच्यात लाल काहीतरी होतं. जवळ जाऊन पाहिलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "अगंऽ माय! हे काय केलंस?"

सत्काराची शाल होती. तिनं ती टराटरा फाडून तिच्या चिंध्या केल्या होत्या. बोटभर रुंद, सगळ्या सारख्या.

"सालभर पेटीत पडून होती," ती म्हणाली. "डांबराच्या गोळ्या घालून घालून कोनाले दाखवू? जुन्या लुगड्याची चिंधी पाह्यली अन् तुम्ही तोडली. ही शाल त साऱ्या गावानं पाह्यली हाय. आता पाहू बरं, कोन तोडते." आणि अर्ध्या चिंध्या तिनं माझ्या हातात दिल्या. "निवड."

"मी?"

"मंग कोन? मी हाओ का जन्मभर? तू खाल्लं ना? मंग तूच निवड."

मी निवडायला लागले. आधी चुकले. नुसतं मोठं कणीस पाहून बांधायला गेले, तर तिनं हात धरला. "धाट पाह्य पह्यले. उभं हाय का सरळ? कीड हाय का बुडाशी? मधातलं घे, कडेचं नको." हळूहळू जमलं. धाट बघायचं, बुडाशी वाकायचं, पान उलटून पाहायचं, आणि मग कणसाच्या गळ्याशी चिंधी, सैल, दोन गाठींची. शाळेची घंटा ऐकू आली. मी गेले नाही. शेवटी एक चिंधी उरली, किनारीची, जरीवाली. ती मी सगळ्यांत चांगल्या धाटाला बांधू लागले तशी पार्बतामाय म्हणाली, "अशी गुपचूप काहून? बोल ना. तवा माईक नसताना बोल्ली होती तशी."

मी इकडंतिकडं पाहिलं. नामदेवभाऊ धुऱ्यावर थांबले होते, भीमादादाही. मग मी पदर खोचला, घसा साफ केला, आणि सगळ्या वावराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता आपण आजच्या सत्कारमूर्तींना शाल..."

जरीची चिंधी बोटांतून निसटत होती, गाठ बसेना. पार्बतामायनं माझ्या बोटांवर बोटं ठेवली आणि गाठ ओढून घट्ट केली.

"हं," ती म्हणाली. "आता झाला सत्कार."